खिडकीकडच्या दोन खुर्च्या

सांगवीच्या दादासोला बायकोचं बोलणं टाळायची एक कला अवगत होती, आणि सोळा वर्षांत ती त्यानं अशी घोटली होती, की गावात कुणाला तिचा पत्ताच नव्हता. सारजानं तो एक विषय काढला, की दादासो उठायचा. भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. ताटावर असला तर हात धुवायचा आणि म्हणायचा, लाईट आली वाटतं, मोटार बघून येतो. विहिरीवर त्यांचा दोन एकर ऊस होता. त्या उसाला जेवढं पाणी मिळत होतं, त्यातलं निम्मं तरी सारजाच्या प्रश्नामुळं मिळत होतं.

विषय मेंढरांचा होता. दादासोच्या घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, घाट उतरून कोकणात जायचं, आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. सारजा लग्न होऊन आली आणि पहिल्याच वर्षी या चालण्याला लागली. बायकांनी घोडी घेऊन पुढं जायचं, पुरुषांनी मेंढरं घेऊन मागून यायचं. नवरा दिसायचा तो संध्याकाळी मुक्कामावर, तोही चार माणसांत. जवळ बसून बोलायची रीतच नव्हती. त्यांचा एकुलता एक रविराज शाळेत जाऊ लागला, तसं दर दिवाळीला त्याचं नाव पटावरून उडू लागलं. तो पाचवीत होता त्या वर्षी, ब्याऐंशी साली, घोडी लादून झाल्यावर सारजा उंबऱ्यावर बसली आणि अख्ख्या भावकीसमोर म्हणाली, मी येत नाही, पोराची शाळा आता मोडायची नाही.

दादासो बराच वेळ काठीवर रेलून उभा राहिला. मग त्यानं घोड्यावरचं ओझं उतरवलं. महिन्याभरात सगळा कळप बाजारात गेला, मागं एक कोकरू ठेवलं नाही.

त्याचा बोल लागला तो सारजाला. सासू धोंडाबाई डोळे मिटेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, की हिनं माझ्या लेकाच्या हातातली काठी काढून घेतली. धाकटा दीर संभाजी, ज्याची मेंढरं अजून कोकणात जात होती, तो घरी आला की सारजाच्या हातचा चहा घ्यायचा, पण बोलायचा फक्त भावाशी. सारजानं हे सगळं गिळलं. लोकांचं तिला काही वाटत नव्हतं, असं ती म्हणायची; खरं म्हणजे वाटत होतं. पण त्याहून जास्त तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. मेंढरं नवऱ्यानं आपल्या मनानं विकली, की तिच्या हट्टापायी? आणि हट्टापायी विकली असतील, तर तो राग अजून त्याच्या पोटात आहे का? एवढा साधा प्रश्न. पण उत्तर यायच्या आत दर वेळी मोटार सुरू व्हायची.

इकडं रविराज शिकत गेला. गुरांचा डॉक्टर झाला, शिष्यवृत्ती मिळवून ऑस्ट्रेलियात गेला, आणि तिथं त्यानं अभ्यास केला तो कशाचा, तर मेंढरांच्या खुरांना होणाऱ्या रोगाचा. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात गावातल्या रावजीच्या एस.टी.डी. बूथवर त्याचा फोन आला. डिसेंबरात मोठी पदवी मिळणार, समारंभाला आईवडील हवेत. फक्त एक अडचण होती. आईच्या पायांच्या शिरा फुगलेल्या, जास्त वेळ पाय लोंबते ठेवले की त्या सुजायच्या. विमानाचा प्रवास थांबण्यासकट सोळा-सतरा तासांचा. म्हणून रविराजनं मनाशी ठरवलं होतं, की यंदा एकट्या आईला मोठ्या वर्गातून आणायचं, जिथं खुर्ची मागं पाडून झोपता येतं. आबांना पुढच्या वर्षी. तेवढ्याच पैशांत दोघांना एकदम आणायचं तर साध्या वर्गातून, आणि त्या खुर्च्यांत आईचे पाय टिकायचे नाहीत.

दादासोनं हे ऐकलं आणि लगेच मान डोलावली. म्हणाला, तू जाऊन ये, मी ऊस बघतो. त्याची ती तयारी बघूनच सारजाला राग आला. सोळा वर्षं मोटारीकडं पळणारा माणूस आता तिलाच समुद्रापार धाडून मोकळा होत होता.

पासपोर्टासाठी तिला जन्माचा दाखला हवा होता. तिचा जन्म जुन्या पळसदेवचा, आणि जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. म्हणून इंदापूरला तहसीलात प्रतिज्ञापत्र करायला ती गेली. बरोबर चुलतभाऊ बापूसाहेब होता. हा गडी दोन वर्षांपूर्वी ठिबक सिंचन बघायला इस्रायलला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून विमानावर बोलायचा हक्क पंचक्रोशीत आपल्या एकट्याचा आहे असं समजत होता. तहसीलासमोर चहा पिता पिता त्यानं बहिणीला सगळी हकिकत सांगितली. साध्या वर्गात गुडघे हनुवटीला लागतात. शेजारच्याचं कोपर आपल्या बरगडीत. पाय असे सुजतात, की त्याला स्वतःला बूट हातात घेऊन परक्या मुलखात उतरावं लागलं. जेवण येतं तेव्हा घास तोंडाशी न्यायचा तर आधी शेजारच्याला सांगावं लागतं. सारांश, फुकट मिळालं तरी साध्या वर्गानं जाऊ नये.

सारजानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. त्या खुर्चीवरून माणसाला उठून जाता येतं का?

"कुठला जातोय," बापूसाहेब म्हणाला. "खिडकीकडचा तर पार अडकला. कडेचा उठला तर त्येची सुटका, न्हायतर बसा तसंच."

त्या रात्री सारजाला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः बूथवर जाऊन रविराजला फोन लावला. दोघं येणार आणि साध्या वर्गानं येणार, नाहीतर कुणीच येणार नाही. रविराजनं पायांचं सांगून बघितलं, बारामतीच्या डॉक्टरांचं सांगून बघितलं. सारजा म्हणाली, हे पाय कोकणात दहा वेळा जाऊन आले आहेत, त्यांना मेलबर्न काय जड आहे. शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. घट्ट मोजे घाला, पाणी प्या, आणि तासा-तासाला उठून चार पावलं चाला. दादासोचं मत कुणी विचारलंच नाही.

बारामतीत स्टँडजवळ विमानाची तिकिटं काढून देणारं ऑफिस होतं. तिथं मनिषा नावाची चुणचुणीत मुलगी बसायची. तिनं कागदावर विमान काढून दाखवलं. पुढं थोड्या ऐसपैस खुर्च्या, मागं दाटीनं बाकीच्या. मधे चार-चार, आणि दोन्ही बाजूंना खिडकीकडं दोन-दोन. सारजानं त्या दोनवर बोट ठेवलं. मनिषाला वाटलं, मावशींना ढग बघायची हौस आहे.

निघायच्या दिवशी सारजानं बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि एक घोंगडी बांधून घेतली. संभाजी एस.टी.पर्यंत पोचवायला आला होता. तो भावाला म्हणाला, तितं मेंढरं बघून ये. वहिनीला काही म्हणाला नाही.

मुंबईहून सिंगापूरपर्यंतचा पहिला टप्पा मात्र सारजानं साफ घालवला, आणि चूक तिचीच होती. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर आला, आणि बाईचा जीव खिडकीत अडकला. खाली मुंबईचे दिवे दिसतात म्हणून ती स्वतःच खिडकीकडं बसली आणि नवऱ्याला कडेची खुर्ची देऊन बसली. विमान वर गेलं, पट्टे सोडायची खूण झाली, आणि दादासो उठला. शेवटच्या रांगेमागं मोकळी जागा होती, तिथं जाऊन भिंतीला खांदा लावून, एक पाय दुमडून उभा राहिला. त्याला काठी नसल्याचं तेवढं जाणवत असावं. विमानातल्या मुलीनं तीनदा आणून बसवला. तीनदा तो परत गेला. उभ्यानं रात्र काढायची त्याला सवयच होती. चारचौघांत मागं जाऊन हे विचारण्यासारखं नव्हतं; सारजा खिडकीशी एकटीच बसली आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत राहिली.

सिंगापूरला पाच तासांचा थांबा होता. आता विमानतळावरचा थांबा म्हणजे खुर्चीवर बसून पाटीकडं बघायचं, हे शहरी माणसाला कळतं. या दोघांना थांबा म्हणजे मुक्काम. माणसांच्या वर्दळीपासून दूर, वाऱ्याला आडोसा असलेली जागा दादासोनं पाच मिनिटांत हेरली. ती त्यांच्या दरवाजापासून पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या कुंडीमागं होती. सारजानं घोंगडी अंथरली. भाकरी सोडली, कांदा फोडला. जेवण झाल्यावर दोघंही बोचक्याला टेकून झोपी गेले. जाग आली ती गणवेशातल्या दोन माणसांमुळं. ते हातातल्या कागदावरची नावं वाचत होते आणि घड्याळाकडं बोट दाखवत होते. विमान सुटायला आलं होतं. मग काय, बोचकं काखेत, घोंगडी खांद्यावर आणि दोघं त्या गुळगुळीत फरशीवरून पळत सुटले. पुढं सारजा, मागं दादासो, जुन्या सवयीनं.

विमानात शिरताना सारजाचे पाय ठणकत होते. तरीही ती दोन खुर्च्यांपाशी थांबली, बाजूला झाली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी आत बसा. तुमाला दिसू दी की जरा."

दादासो आत बसला. सारजा कडेला बसली आणि पट्टा आवळला.

बाहेर लख्ख दिवस होता. खाली ढग पसरले होते. जेवण आलं, गेलं. सारजानं खाली पाहिलं तर पाय पोटऱ्यांपर्यंत सुजून मोजे कातडीत रुतले होते. तिनं श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. मेंढरं हा शब्द तोंडातून पडायच्या आत दादासो पट्टा सोडून उठलासुद्धा.

"मी जरा मागं जाऊन येतो."

"माझं पाय उचलत न्हाईत," सारजा म्हणाली. "तुमी मला वलांडून कसं जाणार?"

ती थापही नव्हती. दादासोनं वाकून तिचे पाय बघितले, समोरच्या खुर्चीची पाठ बघितली, मधली वीतभर जागा बघितली. तेवढ्यात विमान हलायला लागलं आणि सगळ्यांनी पट्टे बांधायची सूचना झाली. दादासो खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी मोटार नव्हती.

सारजानं विचारलं. सोळा वर्षं मनात घोळवलेला प्रश्न तोंडातून आला तेव्हा फारच लहान निघाला. "मेंढरं तुमी मनापास्नं इकली, का माज्यापायी?"

दादासो खिडकीबाहेर बघत राहिला. कुणी म्हणेल, त्याला ढगांत मेंढरं दिसली असतील. तसं काही नाही. त्याला ढग ढगच दिसत होते. मग तो बाहेर बघतच बोलू लागला, इतका हळू की सारजाला कान त्याच्या खांद्याशी न्यावा लागला.

"त्या वर्साला मी बी थकलो हुतो. लई थकलो हुतो. घाट बघितला की माघारी फिरावं वाटायचं. पर आज्या-पणज्याची मेंढरं. मी सोडतो म्हनलो आसतो, तर आईनं, भावकीनं मला बायल्या म्हनून हिणवलं आसतं. मग तू उंबऱ्यावर बसलीस. तू बोललीस आन मला सुटल्यावानी झालं."

सारजानं कान तसाच त्याच्या खांद्याशी ठेवला.

"समदी तुला बोलायची. मी ऐकायचो. मला वाटायचं, आज सांगावं, उद्या सांगावं. तू इचारायला लागलीस की त्वांड दावाया लाज वाटायची. म्हनून उठून जायाचो."

सोळा वर्षं सारजाला वाटत होतं, की या माणसाच्या पोटात राग आहे. रागाची तिनं तयारी केली होती. तो निघाला असता तर काय म्हणायचं, कशी समजूत घालायची, सगळं ठरवून ठेवलं होतं. पोटात लाज निघेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. धोंडाबाईचं प्रत्येक टोचणं तिला आठवलं. दिराचा पाठ फिरवून घेतलेला प्रत्येक चहा आठवला. आणि हा माणूस एका वाक्यात ते सगळं थांबवू शकला असता. तिला इतका संताप आला, की या माणसाच्या शेजारी आता एक क्षणही बसू नये असं वाटलं. तिनं पट्ट्याला हात घातला. विमान जोरात हललं, पुढून मुलीनं हातानंच बसा म्हणून सांगितलं, आणि सुजलेले पाय तर उचलतच नव्हते.

म्हणजे आता तिलाही जायला जागा नव्हती. नवरा पळू नये म्हणून निवडलेल्या त्या खुर्चीत ती स्वतःच अडकली होती. पुढं वीत, मागं वीत, आणि शेजारी नवऱ्याचं कोपर. ती रडली. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. सोळा वर्षांचं होतं ते, बराच वेळ चाललं. आणि दादासो, ज्यानं तिला रडताना पाहिलं की आजवर बाहेरचा रस्ता धरला होता, तो तिथंच बसून राहिला. गत्यंतर नव्हतं म्हणून आधी, आणि मग, सारजाला वाटलं, आपण होऊन.

विमान स्थिर झालं. पट्ट्यांचा दिवा विझला. दादासोनं दोघांमधली कोपर टेकायची दांडी वर केली, ती वर होते हे त्यानं रात्रभर उभ्या-उभ्या इतरांकडं बघून हेरलं होतं.

"पाय वर घी. हितं ठिव."

आपल्या मांडीकडं बोट दाखवत होता. सारजा दचकली. बाईनं नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा, तोही चारचौघांत. पाप लागंल, असं ती पुटपुटली.

"लागू दी," दादासो म्हणाला. "माजं लई मोठं हाय. त्येच्यापुढं तुजं काय न्हाय."

आणि त्यानं तिचे पाय उचलून मांडीवर घेतले, मोजे उतरवले आणि अंगठ्यानं तळव्यापासून वर दाबत नेऊ लागला. लंगड्या मेंढराचा पाय जितक्या बेतानं धरावा, तितक्याच बेतानं. पलीकडच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईनं बघितलं आणि हसून मान वळवली. सारजाचा राग गेला नव्हता. तो असा एका बसण्यात जाणाराही नव्हता. पण पाठ मोकळी झाल्यासारखी वाटत होती. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आता तुमच्या आई काय काय बोलायच्या, त्ये मी सांगती. तुमी निस्तं ऐकायचं."

मेलबर्न येईपर्यंत दादासोनं ऐकलं.

पदवी मिळाली त्या दिवशी रविराजनं काळा झगा आईच्या अंगावर घातला. त्याचे साहेब, सोबतचे विद्यार्थी जमले होते. तो त्यांना इंग्रजीत सांगत होता, आणि मग आईसाठी मराठीत म्हणाला, की आईनं मेंढरं विकायला लावली म्हणून मी इथं उभा आहे. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं ते कौतुकानंच म्हटलं. सारजानं सवयीनं मान खाली घातली.

"मेंढरं मी इकली," दादासो म्हणाला. "माज्या मनानं इकली. तिच्या त्वांडून फकस्त आधी निघालं. ह्ये त्येंला बी सांग, आन घरी संभाजीला मी सांगनार हाय."

रविराजनं एकदा वडलांकडं, एकदा आईकडं बघितलं. आई वर मान करून बघत होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं दोघांना मोठ्या कळपांवर नेलं. हजारो मेंढरं, एक माणूस, दोन कुत्री आणि मोटारसायकल. दादासो कुंपणाशी तासभर उभा होता. लोकरीचं कौतुक झालं, कुत्र्यांचं झालं. परत येताना म्हणाला, एवढी मेंढरं आणि एकालाही नाव नाही. पण त्याच्या बोलण्यात दुखणं नव्हतं. रात्री जेवला आणि सारजाशी बोलत बसला. रविराजला बापाचा इतका आवाज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू येत होता.

परतीची वेळ आली. आईचे पाय उतरायला पाच दिवस लागले होते, ते रविराज विसरला नव्हता. कुणाला न विचारता तो विमान कंपनीकडं गेला आणि उसनवारी करून परतीची तिकिटं मोठ्या वर्गाची करायचं बोलून आला. संध्याकाळी त्यानं टेबलावर रंगीत कागद पसरला. पलंगासारख्या पडणाऱ्या खुर्च्या, पायाला आधार, आणि दोघांच्या मधे टेबलाएवढं अंतर. कुणाचा कुणाला त्रास नाही. फक्त होय म्हणायचं होतं.

सारजानं कागद हातात घेतला. दोन खुर्च्यांमधलं अंतर बोटानं मोजलं. मग तो घडी करून पोराच्या हातात दिला आणि आपल्या सुजऱ्या पायांवरून हात फिरवला.

"साधीच ऱ्हाऊ दी, बाळा," ती म्हणाली. "येताना तुज्या आबाचं निम्मंच बोलून झालंया."